गाडी अडखळते? आधी मल्टिमीटर लावा!

मित्रांनो, सेकंडहँड, कार्बुरेटरवाली बाईक रेस देताना अडखळली की आपण सरळ कार्बुरेटर खोलतो, नाहीतर नवी बॅटरी आणतो. मेसचे पैसे जातात आणि गाडी तशीच! इग्निशन बॅटरीवर चालत असेल तर व्होल्टेज पडलं की ठिणगीही कमजोर होते. म्हणून मी आधी मोजतो.

गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. चालू करून रेस दिल्यावर १३.५ ते १४.५. तेवढे चढले नाहीत तर घोळ चार्जिंगमध्ये आहे, नवी बॅटरीही उतरणारच. मग एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग खराब. जोड पॉलिश पेपरने घासा, बोल्ट आवळा. माझ्या बाईकचा रोग हाच निघाला. खर्च फक्त पॉलिश पेपरचा!

हे सगळं ठीक असेल तर अर्धा चोक ओढून रेस द्या. अडखळणं कमी झालं तर पेट्रोल कमी पडतंय: जेट तुंबलाय किंवा कुठूनतरी जादा हवा शिरतेय. फरक नाही? मग प्लग आणि त्याची कॅप बघा.

तेव्हा दोस्तहो, पाना उचलण्याआधी मीटर उचला!