तळावलीची आजी

जुन्या गोव्यातली चर्च पाहून झाली की पर्यटकांच्या बस किनाऱ्याकडे वळतात. पणजी-मडगाव रस्ता सोडून तिसवाडीतल्या तळावली गावात शिरणारे फार थोडे. तिथे सांताना, म्हणजे सेंट अ‍ॅनाचे चर्च आहे. ते पाहायचे तर पाऊस सरल्यावर, शरदात पाहावे. भाताची कापणी चाललेली असते, हवा धुतलेली असते आणि माडांमधून चालत गेले की तो पाच मजली पांढरा दर्शनी भाग एकदम समोर उभा राहतो. दोन बाजूंना चौकोनी मनोरे. एवढ्याशा गावात एवढे भव्य चर्च कोणी बांधले असेल, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

चर्चचे काम १६८१च्या सुमारास सुरू झाले, १६९५ मध्ये पुरे झाले. युरोपातली बरोक शैली इथल्या चिऱ्यात आणि चुन्यात इतकी मुरली आहे की ती परकी वाटत नाही.

पण मला लळा लागला तो इथल्या कथेचा. चर्चच्या पायऱ्यांवर बसलेल्या एका वृद्ध बाईंनी ती सांगितली. डोक्यावर टोपी, हातात काठी अशी एक म्हातारी टेकडीवरून उतरताना गावकऱ्याला दिसली. ‘माझे घर इथेच आहे, मी राहायला आले आहे,’ असे ती म्हणाली. ती सांत आना होती, अशी गावाची श्रद्धा. मारियेची आई, येशूची आजी. ‘आमची व्हडली माय ती,’ असे म्हणत बाईंनी दाराकडे पाहून हात जोडले. चर्चमध्ये कुणी राणी नव्हे, दमलेली आजी राहायला आली, ही कल्पनाच किती जिव्हाळ्याची आहे!

या आजीकडे मागणेही घरगुतीच. जुलैअखेरच्या फेस्ताला मूल व्हावे म्हणून जोडपी तवशी, म्हणजे काकड्या वाहतात. म्हणून हे तवशांचे फेस्त. लग्नाळू मुलगे चमचा आणतात, मुली उडीद. हिंदूही नवस बोलतात. त्या दिवशी आवारात पाय ठेवायला जागा नसते. शरदात मात्र मिस्सा संपली की सगळे आवार निवांत होते आणि भिंती नीट पाहता येतात.

त्या पाहायलाच हव्यात. चिरा सच्छिद्र दगड. चार महिने पाणी पितो आणि ऑक्टोबरच्या उन्हात सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला श्वास घेऊ देतो. सिमेंट फासले की ओल आतच कोंडते आणि दगड पोखरला जातो. गोव्यातल्या कित्येक जुन्या घरांवर, कपेलांवर असे सिमेंट बसलेले दिसते, तेव्हा वाईट वाटते. चुना भिजवून, मुरवून, घोटून लावणारे हात कमी होत चालले आहेत. त्यांना काम मिळाले, तर ही विद्या आणि या इमारती दोन्ही टिकतील.

गोव्याला जाल तेव्हा अर्धा दिवस तळावलीसाठी राखून ठेवा. सकाळी लवकर जा, कारण एरवी दार बंद असू शकते. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा आणि गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून आजीची गोष्ट ऐका.