ॲव्हरेज, प्रेशर आणि सॉकेट

मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी एकेकाळी अक्षरशः धूर ओकत फिरायच्या. महानगर गॅस कंपनी 1995 मध्ये स्थापन झाली, पाठोपाठ सीएनजीचे पंपही आले, तरी टॅक्सीवाले लगेच वळले नाहीत. धुराने बेजार झालेल्या रहिवाशांच्या मंचाने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. 1999 च्या अखेरीपासून न्यायालयाचे आदेश येत गेले, तेव्हा कुठे जुन्या टॅक्सी गॅसवर आल्या. तक्रारी खूप होत्या. गाडी चढाला ओढत नाही, डिकीत सिलिंडर बसल्यावर प्रवाशाच्या बॅगा कुठे ठेवायच्या, पंप शोधत किती फिरायचं. पण दिवसाच्या धंद्यातून इंधनाचे पैसे वजा केल्यावर हातात जास्त उरू लागले, आणि मग ‘गाडी गॅसवर टाकली’ हे टॅक्सीवाले एकमेकांना आपणहून सांगू लागले.

पर्यायी इंधनाची गाडी लोकांनी घ्यावी यासाठी काय करावं लागेल, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या इतिहासात आहे. 2024-25 मध्ये देशात विकल्या गेलेल्या दर पाच नव्या कारमागे जवळपास एक सीएनजीची होती. विजेवरच्या कार मात्र शंभरात दोन-तीनच. आता न्यायालयाचा आदेश नाही, अनुदान नाही, सिलिंडरची कटकट आहे, रांगा आहेत. तरी माणूस सीएनजी घेतो.

का, ते आकड्यांत पाहू. मुंबईत पेट्रोल 104 रुपयांच्या आसपास आणि सीएनजी किलोला 80 रुपयांच्या आसपास धरा. शहरातल्या वाहतुकीत छोटी गाडी पेट्रोलवर लिटरला 16 आणि गॅसवर किलोला 24 किलोमीटर देते असं माना. महिन्याला 1000 किलोमीटर धावणाऱ्याला पेट्रोलचे साडेसहा हजार लागतात, गॅसचे सव्वातीन-साडेतीन हजार. म्हणजे महिन्याला तीन हजार शंभर-दोनशे रुपये वाचले. गाडीची किंमत नव्वद-पंच्याण्णव हजारांनी जास्त असते, ती अडीच वर्षांत फिटते. हाच माणूस महिन्याला 400 किलोमीटरच चालवत असेल, तर मात्र सहा वर्षं लागतात. अशा माणसाने पेट्रोलच घेतली, तर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण नुसत्या हिशेबाने काम भागलं नसतं. मारुतीने 2010 मध्ये कंपनीतूनच किट बसवलेल्या गाड्या आणल्या आणि गल्लीतल्या गॅरेजात किट बसवण्याची धाकधूक गेली. टाटाने 2023 मध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी डिकीच्या तळाशी दोन छोटे बसवले, मग बॅगांचा प्रश्नही बराचसा सुटला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गॅस संपला तरी अशी गाडी एका बटणावर पेट्रोलवर चालते. घाटात अडकण्याची, टोचन लावून गाडी न्यावी लागण्याची भीतीच उरत नाही. मला वाटतं, सीएनजीच्या यशात स्वस्ताईइतकाच वाटा या बटणाचा आहे.

ही भीती किती खरी असते, ते महामार्गावरच्या सीएनजी पंपावर कळतं. रांगेतला माणूस भाव विचारत नाही. तो विचारतो, ‘प्रेशर आहे का?’ गाडीच्या सिलिंडरमध्ये गॅस साधारण 200 बार दाबाने भरायचा असतो. ज्या पंपाला थेट पाइपलाइन असते आणि जिथून ट्रकमधले सिलिंडरही भरले जातात, त्याला ‘मदर स्टेशन’ म्हणतात. तिथे कॉम्प्रेसर गॅस दाबत राहतो आणि सिलिंडर नीट भरतो. पण शहराबाहेरचे कितीतरी पंप ‘डॉटर’ असतात. त्यांच्याकडे मदर स्टेशनवरून ट्रकमधल्या सिलिंडरांच्या संचात गॅस येतो. तो संच रिकामा होत आला की दाब उतरतो, नोझल लावून ठेवलं तरी काटा रेंगाळतो, आणि जिथे आठ-नऊ किलो मावतात तिथे पाच-सहाच जातात. मग पुढचा ट्रक येईपर्यंत सगळी रांग उन्हात उभी. प्रवाशांनी गाडीतून उतरून लांब थांबायचं हा सुरक्षेचा नियम, त्यामुळे म्हातारी माणसं आणि लेकरंही बाहेर. नोव्हेंबर 2025 मध्ये चेंबूर भागात गॅसवाहिनीला इजा झाली, तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबईतले बरेच पंप बंद पडले. खासगी कारवाल्यांनी पेट्रोल टाकलं. रोजीरोटीचे हाल झाले ते रिक्षा-टॅक्सीवाल्यांचे.

सीएनजी लोकांनी आपणहून निवडला. याच्या उलट उदाहरण इथेनॉलचं. गेल्या काही वर्षांत आपण सगळेच पर्यायी इंधनाचे ग्राहक झालो आहोत, फक्त आपल्याला कुणी विचारलं नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, यालाच ई-20 म्हणतात. परदेशी चलन वाचतं, साखर कारखान्यांना उत्पन्न मिळतं, उसाचं बिल वेळेवर निघायला मदत होते. महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे फायदे क्षुल्लक म्हणता येणार नाहीत. पण जुन्या गाडीचा ॲव्हरेज कमी होतो. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींमध्ये 6 ते 7 टक्के घट गृहीत धरली होती, आणि ती भरून निघावी म्हणून हे इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त विकावं असंही सुचवलं होतं. पंपावर तो फरक कधी दिसला नाही. 2025 मध्ये लोक चिडले ते इथेनॉलवर नव्हे. फायदा दुसरीकडे जातो आणि तोटा आपल्या टाकीतून, हे त्यांना बोचलं. लिटरमागे पाच रुपयांचा फरक ठेवला असता, तर याच लोकांनी ई-20 चा पंप शोधला असता.

हायब्रिडचं दुखणं वेगळं आहे. तिला चार्जिंग लागत नाही. ब्रेक लावताना आणि उतारावर वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत जाते, सिग्नलला इंजिन बंद राहतं, रांगेत रांगताना गाडी विजेवर चालते. म्हणून नेहमीच्या अनुभवाच्या उलट, हिंजवडीच्या कोंडीतच तिचा फायदा सगळ्यात जास्त. भीती शून्य. पण त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा ती दोन-अडीच लाखांनी महाग पडते, आणि महिन्याला 1000 किलोमीटर धरले तरी ते पैसे फिटायला पाच-साडेपाच वर्षं जातात. यात कराचा मोठा हात आहे. सप्टेंबर 2025 पर्यंत मोठ्या हायब्रिडवर 43 टक्के कर होता, आता 40 आहे. विजेच्या गाडीवर 5. उत्तर प्रदेशाने 2024 मध्ये हायब्रिडची नोंदणी करमुक्त केली. विजेला झुकतं माप द्यावं हे मलाही मान्य आहे, पण 5 आणि 40 यांमध्ये एखादी पायरी असायला हवी. बरंच पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीला पेट्रोल पिणाऱ्या एसयूव्हीच्या रांगेत बसवणं अन्यायाचं आहे.

विजेच्या गाडीचा हिशेब सगळ्यात सरस आणि धाकधूकही सगळ्यात जास्त. 1000 किलोमीटरला दीडशेच्या आत युनिटं लागतात. पण फ्लॅटमधल्या माणसापुढे पहिला प्रश्न बॅटरीचा नसतोच. तो सोसायटीच्या कमिटीचा असतो. पार्किंग तळमजल्यावर, मीटर जिन्याखाली, मध्ये केबल कुठून न्यायची, आग लागली तर जबाबदार कोण, याला परवानगी दिली तर उद्या चाळीस जण मागतील. सहा महिने पत्रव्यवहार करून थकलेला माणूस शेवटी सीएनजी बुक करतो. शिवाय घरच्या मीटरवरून चार्ज केलं तर महावितरणच्या टप्प्यांमुळे ती दीडशे युनिटं वरच्या, महागड्या दरात जाऊन पडतात. त्यासाठी वेगळा मीटर घेता येतो, हे विक्रेत्याने पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

सरकारचा शब्दही पक्का हवा. मार्च 2025 च्या राज्याच्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर 6 टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मागे घेतला गेला. सीएनजीवरचा नोंदणी कर एका टक्क्याने वाढला, तो मात्र राहिला. ऑगस्ट 2025 मध्ये अटल सेतूपासून विजेच्या गाड्यांना टोलमाफी सुरू झाली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीही त्या यादीत आहेत. निर्णय उत्तमच. द्रुतगती मार्गावर कारला एका फेरीचे 320 रुपये लागतात, म्हणजे जाऊन-येऊन 640 वाचतात आणि ते लगेच दिसतात. पण फास्टॅगमधून पैसे कापले जात असल्याच्या तक्रारी होत राहिल्या आणि विषय डिसेंबरात विधानसभेत गेला. पंधरा वर्षांसाठी गाडी घेणारा माणूस हे सगळं वाचत असतो.

आणि तो गाडी विकण्याचाही विचार करत असतो. जुन्या सीएनजी गाडीला गिऱ्हाईक लगेच मिळतं. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, एवढंच तो पाहतो. पाच वर्षं वापरलेल्या विजेच्या गाडीची बॅटरी किती उरली, हे सांगणारा असा सर्वमान्य दाखला अजून रुळलेला नाही. काही कंपन्यांनी बॅटरीची आजीवन हमी दिली आहे, पण ती पहिल्या मालकापुरती. ती दुसऱ्या मालकाकडेही जावी आणि आरटीओत गाडी नावावर करताना बॅटरीचा दाखला सक्तीचा व्हावा. एवढं झालं, तर पेट्रोलची जुनी गाडी काढून विजेची जुनी गाडी घेणारा मध्यमवर्गीयही बाजारात उतरेल.