दोन खोऱ्यांच्या मधली धार

सोनसळच्या चौरंगीनाथाच्या डोंगरावर उजाडता उजाडता पोचलं, की सागरेश्वरापर्यंतची रांग दक्षिणेला पसरलेली दिसते. सगळे माथे एकाच उंचीचे वाटतात, कारण इथे लाव्हाचे थर आडवे साचले. मधल्या खिंडी मात्र पावसाने कापून काढल्यात. म्हणून दिवसभर मनात एकच हिशेब चालतो: कमावलेली उंची कुठे सोडायची, कुठे राखायची.

ही वर्धनगड-मच्छिंद्रगड रांगेची दक्षिणेकडची सोंड. पाणलोटाची धार सोडायची नाही, एवढा नियम पाळला तरी पुरतं. उजवीकडे पडलेला थेंब कृष्णेचा, डावीकडचा सोनहिऱ्यातून येरळेचा.

पावसाळा सरल्यावर वाळलेल्या गवतातली कुसळं मोज्यांतून आरपार जातात. बसून एकेक उपसावंच लागतं. उतारावर टाच रोवून तिरकं उतरावं, सरळ गेलं की मुरूम पायाखालून निसटतो. सगळ्यांत जास्त चकवतात त्या ढोरवाटा. रुंद, मळलेल्या, पण पाण्याकडे नेणाऱ्या. एका खिंडीत शेळ्या राखणारे आजोबा म्हणाले, "पाव्हणं, ती वाट डबक्याला जाती. कड्याच्या अंगानं वर धरा." त्यांच्या वाटेने पुढचा माथा दम न लागता आला.

पश्चिमेला शेणोली, भवानीनगर, ताकारी ही स्थानकं रांगेच्या पायथ्याने ओळीत आहेत. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इंग्रजांच्या पगाराची गाडी लुटली. डोंगर रुळांच्या किती जवळ आहे हे माथ्यावरून दिसतं, आणि ती जागा का निवडली असेल याचा अंदाज येतो. इतिहासाच्या पुस्तकात तो मला कधी आला नव्हता.

पूर्वेचं कडेगावचं खोरं पर्जन्यछायेतलं. कृष्णाकाठ उसाने हिरवा असताना इथे ज्वारी पावसाकडे डोळे लावून उभी असे. दोन्हींच्या मध्ये आडवी आहे ती हीच रांग. ताकारी उपसा योजनेने कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या बाजूला आणलं. पायांनी त्या चढाचा अनुभव घेतलेल्या माणसाला पंपांनी काय काम केलंय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पुढे सागरेश्वर अभयारण्याचं कुंपण आडवं येतं. इथून फाटकातून, रीतसर परवानगीनेच जायचं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या डोंगरावर हे रान वाढलं. १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर, पण सांबर, चितळ, काळवीट आत आहेत. कुंपण खचलं की हरणं शेतात उतरतात. पूर्वी हिरवं पीक एकाच अंगाला होतं. पाणी डोंगर ओलांडून आल्यापासून त्यांना दोन्ही अंगांना चरायला आहे, आणि राखणीची रात्रही आता दोन्ही खोऱ्यांतल्या शेतकऱ्यांच्या वाट्याला येते. रान जपायचं असेल, तर आधी त्यांचं नुकसान वेळेवर भरून दिलं पाहिजे.