खोली मोजण्याआधी हवा वजा

मांडवीच्या मुखाशी, आग्वादनजीक, वाळूचा उथळ पट्टा आहे. पावसाळ्यात त्यावर लाटा फुटू लागल्या की मुखातून ये-जा धोक्याची ठरते. खनिजवाहू बार्ज अशा वेळी कुंभारजुवे कालव्यातून झुवारीत उतरून मुरगाव गाठत आले आहेत. नौकेवरील ध्वनियंत्राने खोली मोजणे हा भरवशाचा, पण खर्चिक मार्ग. उपग्रहचित्रांवरूनही ती अजमावता येते. मात्र त्यात पहिली अडचण मधल्या हवेची.

निर्मळ पाण्यात हिरवा प्रकाश निळ्यापेक्षा लवकर शोषला जातो. म्हणून तळावरून परतणाऱ्या या दोन रंगांचे गुणोत्तर, खोली आधीच ठाऊक असलेल्या काही जागांशी जुळवून, इतरत्रची खोली काढतात. परंतु समुद्रावरून उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या दृश्य प्रकाशात बहुधा ८० ते ९० टक्के वाटा हवेने विखुरलेल्या प्रकाशाचा असतो. त्यातही हवेचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात. ज्या रंगावर मदार, त्यातच भेसळ जास्त! ती थोडी जरी उरली तरी पाणी आहे त्याहून खोल भासते आणि नौका नेमकी तेथेच फसते.

हवेचा हिशेब खगोलवेधांत जुनाच आहे. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेल्या उज्जैनच्या वेधशाळेतूनही क्षितिजालगतचा सूर्य वक्रीभवनामुळे सुमारे अर्धा अंश वर दिसतो. त्या दुरुस्तीची कोष्टके तयार असतात. समुद्रावरील धूळ, धूर व क्षारकण मात्र दररोज बदलतात.

म्हणून त्यांचा अंदाज त्याच चित्रातून घेतात. निकट-अवरक्त प्रकाश पाणी जवळजवळ पूर्णपणे शोषते. स्वच्छ, खोल समुद्र त्यात काळा दिसायला हवा. तरीही जे तेज नोंदले जाते ते मुख्यतः हवेचे आणि लाटांवरील चकाकीचे. त्यावरून निळ्या-हिरव्यातील हवेचा वाटा ठरवून वजा केला जातो. मांडवी-झुवारीच्या मुखाशी हे गृहीतक कोसळते. तरंगता गाळ अवरक्त प्रकाशही परतवतो, त्याचे तेज हवेच्या खाती पडते आणि वजाबाकी नको तेवढी होते. २०१५ साली सोडलेल्या सेंटिनेल-२ए उपग्रहावरील १.६ व २.२ मायक्रोमीटरचे पट्टे येथे कामी येतात. त्यांत गढूळ पाणीही बहुतांशी काळेच दिसते.

हवा अचूक वजा झाली, तरी गाळाआडचा तळ दिसत नाही. शिवाय वाळू सर्वाधिक सरकते त्या पावसाळ्यात ढगांमुळे चित्रच मिळत नाही. पावसाळ्यानंतरच्या निरभ्र दिवसांतील चित्रे, ध्वनियंत्र घेऊन आधी कोठे जावे हे ठरवण्यापुरती वापरणेच शहाणपणाचे.