परवानगीच्या मागच्या पानावर काय लिहिले आहे?

धारूर तालुक्यातील आमच्या माणसांना ऊसतोड काही नवी नाही. दिवाळी झाली की बालाघाटाच्या डोंगरातून ट्रॅक्टर भरभरून माणसे कारखान्यांकडे जातात. सहा महिने कोयता चालवून, मुकादमाची उचल फेडून चार पैसे उरलेच, तर तालुक्याच्या गावी गुंठाभर जागा घ्यावी, लेकरांना शाळेजवळ ठेवावे, एवढेच स्वप्न. दलाल सांगतो, "एनए आहे, परवानगी आहे." आम्ही विश्वास ठेवतो. त्या परवानगीला कोणत्या अटी जोडल्या आहेत, हे तो सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही.

खरी गोम इथेच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45 प्रमाणे नगर परिषद परवानगी बिनशर्त देऊ शकते, नाकारू शकते किंवा अटी घालून देऊ शकते. रस्ता किती रुंद, नाली कुठून, घरासमोर किती जागा सोडायची, हे या अटींतच ठरते. राज्याच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीनुसार 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते. मंजुरीही आधी तात्पुरती, मग अंतिम. अट मोडून केलेले बांधकाम कलम 52 खाली गुन्हा ठरते.

म्हणजे अट हे मालकावरचे ओझे दिसत असले, तरी ती प्लॉट घेणाऱ्या गरिबाची ढाल आहे. लेकरांनी खेळायचे कुठे, जयंतीला मंडप घालायचा कुठे, अग्निशमनाची गाडी आत येणार कशी? मालक मात्र प्लॉट विकून मोकळा होतो, खुल्या जागेवरही खुणा पाडतो, आणि चिखल तुडवतो आमचा माणूस. 2001 चा गुंठेवारी कायदा आला, 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढली. दिलासा मिळाला, हे आम्ही नाकारत नाही. पण नियमित करण्याचे शुल्क कुणी भरायचे? प्लॉटधारकाने! चूक विकणाऱ्याची, दंड घेणाऱ्याला. हा कुठला न्याय?

खुली जागा मालकाच्या किंवा अधिकाऱ्याच्या मर्जीची नसते. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ते रद्द ठरवले. तिथेही आधी शेजारचे रहिवासी न्यायालयात गेले होते, हे विसरू नये. कागदावरचा हक्क आपोआप चालत येत नाही, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव 1924 मध्येच केला होता; पाण्याला हात लागला तो 20 मार्च 1927 ला.

म्हणून इसार देण्याआधी मंजूर रेखांकनाचा नकाशा आणि अटींसह मंजुरीचा आदेश मागा. दलाल टाळाटाळ करू लागला, तर माहिती अधिकार कायदा 2005 पासून आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेवढेही नाहीत. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. तोवर इसाराचे पैसे खिशातच राहू द्या.