अष्टमकर, वाक्रुळकर, चेऊलकर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेण तालुक्यातील जोहे हे गाव आज महाराष्ट्रास ज्ञात आहे ते गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या शेजारच्या गावांतून दर वर्षी ज्या मूर्ती बाहेर पडतात त्या मुंबई-पुण्यापासून थेट परदेशापर्यंत पोहोचतात, आणि मूर्तीबरोबर पेणचे नावही जाते. माणसाबरोबर गावाचे नाव जाण्याची या मुलखातील रीत मात्र मूर्तींच्या व्यापाराहून पुष्कळच जुनी आहे. पेण, रोहा, अलिबाग, मुरुड या तालुक्यांतील कित्येक लहान गावे अशी आहेत की, ज्यांचे नाव एखाद्या विरळ आडनावाच्या रूपाने मुंबईच्या मांडवीत, कराचीत, अहमदाबादेत आणि इस्रायलच्या वाळवंटी नगरांत जाऊन राहिले. ही आडनावे धारण करणारी घराणी थोडी असल्यामुळे त्यांच्याविषयी अनेक समजुती पसरल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक चुकीच्या आहेत.

पहिली समजूत अशी की, ज्या गावाचे आडनाव त्याच गावात ते शोधावे. वस्तुस्थिती बरोबर याच्या उलट आहे. जोह्यात राहणाऱ्यास जोह्यातील कोणीही जोहेकर म्हणणार नाही, कारण तेथे सगळेच जोह्याचे. गावात माणूस ओळखला जातो तो पाटील, म्हात्रे, ठाकूर, घरत अशा घराण्याच्या नावाने किंवा आळीच्या नावाने. गावाचे नाव अंगाला चिकटते ते गाव सोडल्यावर, आणि तेही बहुधा दुसऱ्यांनी लावले म्हणून. विष्णुशास्त्री चिपळूणकर 1850 साली जन्मले ते पुण्यात. आडनावातील चिपळूण हे त्यांच्या पूर्वजांनी सोडलेले गाव होते. हेन्री गप्पी या इंग्रज संशोधकाने 1890 साली ब्रिटनमधील कुलनामांच्या मूळ स्थानांवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याने जमिनीला धरून राहिलेल्या शेतकऱ्यांची नावे प्रमाण मानली. शेतकरी सहसा हलत नाही, म्हणून त्याचे आडनाव जेथे दाट तेथेच त्याचे मूळ, असा त्याचा तर्क होता. तो तर्क कोकणातल्या ‘कर’ आडनावांना जसाच्या तसा लावू गेल्यास शोध फसतो, कारण आमच्याकडे हे आडनाव म्हणजे प्रस्थानाचा दाखला आहे. ते दाट आढळते ते मूळ गावापासून दूर, जेथे रोजगार होता, पलटण होती किंवा बंदर होते तेथे.

दुसरी समजूत अधिक खोलवर रुजलेली आहे. ‘कर’ने संपणारे आडनाव कानी पडताच ऐकणारा त्या माणसाचा धर्म आणि जात मनात ठरवून मोकळा होतो. भारताच्या कसोटी संघातून 1972-73 च्या मोसमात इंग्लंडविरुद्ध रामनाथ पारकर खेळले आणि 1982 साली लॉर्ड्सच्या मैदानावर गुलाम पारकर खेळले. आडनाव एक, धर्म दोन. हिंदी चित्रपटांतील डेव्हिड या नावाने घरोघर परिचित झालेले, ‘बूट पॉलिश’मधील भूमिकेबद्दल गौरविले गेलेले नट हे पूर्ण नावाने डेव्हिड अब्राहम चेऊलकर होते. चेऊल म्हणजे रेवदंड्यालगतचे आपले चौल. आडनाव गाव सांगते. त्या गावच्या कोणत्या देवळात, मशिदीत वा प्रार्थनालयात त्या घराण्याचे पूर्वज जात असत हे सांगण्याची शक्ती त्यात नाही, आणि ती त्याच्यावर लादणे हा इतिहासाशी अन्याय आहे.

डेव्हिड ज्या ज्यू समाजात जन्मले त्या बेने इस्रायल समाजाचे उदाहरण येथे सविस्तर पाहण्याजोगे आहे, कारण कुलाबा जिल्ह्यातील (1981 पासून त्यास आपण रायगड म्हणतो) विरळ ग्रामनामांचा सर्वांत समृद्ध संग्रह या समाजाने जपला. त्यांची परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते ते अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच वाचली, आणि बुडालेल्यांचे दफन तेथेच झाले. त्या जागी आज स्मारक आहे. पुढे ही मंडळी आसपासच्या खेड्यांत पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या त्यांच्या नेमामुळे शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली असे नाव दिले. भाषा मराठी, पेहराव मराठी, नावेही मराठी वळणाची : सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी, आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी. आणि नावाशेवटी गाव. किहीमचे ते केहीमकर, आवासचे आवासकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर, पेण तालुक्यातील वाक्रुळचे वाक्रुळकर, रोह्याचे रोहेकर, आणि रोह्यासमोर कुंडलिकेच्या पलीकडच्या अष्टमीचे अष्टमकर. रोहा आणि अष्टमी यांची नगरपालिका एक, मध्ये केवळ नदीचे पात्र. पण आडनावे दोन झाली, कारण गाव सोडणाऱ्याने आपली आळी नेमकी लक्षात ठेवली होती. ही आडनावे नकाशावर मांडली तर पेणच्या खाडीपासून चौल-रेवदंड्यापर्यंत आणि तेथून कुंडलिकेकाठाने आत रोह्यापर्यंत, एका काळी या समाजाचे घाणे कोठे कोठे फिरत होते त्याचा आराखडाच उभा राहतो. कोणत्याही सरकारी दप्तरात असा आराखडा इतक्या सुबोध रीतीने मिळणार नाही.

येथेच तिसरा गैरसमज उद्भवतो. समाजाची परंपरा दोन सहस्र वर्षांची म्हणून आडनावेही तितकीच प्राचीन, असे अनेकजण श्रद्धेने मानतात. हायम सॅम्युएल केहीमकर यांनी 1897 साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला (तो छापला गेला 1937 साली, तेल अवीवमध्ये), आणि त्यात नवगावच्या आगमनाचा काळ त्यांनी ख्रिस्तपूर्व 175 च्या सुमारास धरला. हा काळ विद्वानांत वादग्रस्त आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंशधागे असल्याचे दाखविले, परंतु त्यावरून आगमनाचे साल निश्चित होत नाही. आगमनाचा काळ कोणताही असो, आडनावाचे वय हा निराळा प्रश्न आहे. खेड्यात नाव आणि बापाचे नाव एवढ्याने व्यवहार भागतो. आडनावाची निकड लागते ती पलटणीच्या हजेरीपटावर, शाळेच्या दाखल्यावर, गिरणीच्या वा रेल्वेच्या नोकरीत, जेथे दहा सामाजी हसाजी एकाच रांगेत उभे असतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे लोक मोठ्या संख्येने मुंबईस आणि कंपनी सरकारच्या देशी पलटणींत गेले, तेव्हा ग्रामनाम हे कायमच्या आडनावात स्थिरावले. या पिढीतील अग्रणी सामाजी हसाजी दिवेकर. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी 1796 साली मांडवीत मुंबईचे पहिले सिनेगॉग उभारले. समाजातील वडीलधारी माणसे त्यास मशीदच म्हणत, आणि मस्जिद स्थानकाचे नाव त्यावरूनच आले असे सांगण्यात येते. आडनाव किती उशिरा आणि किती जाणीवपूर्वक धारण करता येते याचे आणखी एक उदाहरण गोव्याचे आहे : मंगेशी येथे 1900 साली जन्मलेल्या दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव स्वतः घेतले, आणि आज ते अनादि काळापासून चालत आले असावे असेच सर्वांना वाटते.

आडनाव एक म्हणजे कुळ एक, ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. दिवेकर हे आडनाव बेने इस्रायलांत आहे तसे चित्पावनांतही आहे. दिवे आगर श्रीवर्धनकडे, आणि ज्याच्या नावाने दिवे घाट प्रसिद्ध आहे ते दिवे सासवडच्या वाटेवर. तेव्हा केवळ आडनावावरून दोन दिवेकरांचे नाते तर नाहीच, गावसुद्धा एक ठरत नाही. नागाव या नावाचे गाव अलिबागेत आहे आणि उरणातही आहे. आडनावाच्या आधारे वंशावळ जुळविणाऱ्याने म्हणूनच मौजे कोणते, तर्फ कोणती, तालुका कोणता, हे आधी विचारावे. जुन्या कागदांत हा तपशील आवर्जून लिहिलेला असतो आणि उतरवून घेणारा तोच गाळतो, याचे मला नेहमी दुःख वाटत आले आहे.

गावाचे नाव लावणारा त्या गावचा मालक, इनामदार वा वतनदार असला पाहिजे, ही समजूत मराठी घरांत विशेष आढळते. क्वचित तसे असेलही. आंग्र्यांच्या आरमारात बेने इस्रायलांपैकी चुरीकर घराण्यातील पुरुष अधिकारपदास चढले. पण सर्वसाधारण चेऊलकर वा वाक्रुळकर हा घाण्यावर राबणारा कष्टाळू माणूस होता, आणि गावाच्या नावाखेरीज सांगण्यासारखी दौलत त्याच्यापाशी नव्हती. अधिकार आडनावाला चिकटल्याचे खरे उदाहरण वेगळेच आहे. दावीद रहाबी या विद्वानाने या समाजास विसरलेला धर्माचार पुन्हा शिकविला आणि झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांस धर्माधिकारी नेमले, असे परंपरा सांगते. या धर्माधिकाऱ्यांना काजी ही संज्ञा होती. धर्म ज्यूंचा, पदाचे नाव मुसलमानी अमलातले आणि त्यांच्या निवाड्याची भाषा मराठी, असा तो संयोग होता. या तीनांपैकी राजपूरकर घराण्याच्या नावाचे जोसेफ इझिकेल राजपूरकर हे एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थनांचे मराठी भाषांतर करणारे पंडित म्हणून मान्यता पावले.

राहिली ती सर्वांत दुःखद समजूत : आडनाव विरळ झाले म्हणजे घराणे संपले. मुंबईचे महापौरपद 1937-38 मध्ये भूषविणाऱ्या डॉ. ई. मोझेस यांचे नाव महालक्ष्मी-वरळीच्या रस्त्यावर आहे, त्यात गावाचा उल्लेख नाही. स्त्रीवैद्यकातील कार्याबद्दल 1966 साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या आडनावात गाव उरले, ‘कर’ गळून पडला. इंग्रजी शिक्षण आणि शहरी नोकरी यांच्या ओघात या समाजातील असंख्य कुटुंबांनी बापाचे वा आज्याचे नाव हेच आडनाव केले, आणि सॅम्युएल, मोझेस, सॉलोमन, बेंजामिन, रूबेन ही नावे पाटीवर आली. ग्रामनाम नाहीसे झाले नाही; ते लग्नाच्या करारात, कबरीवरच्या शिळेवर आणि सोयरीक जुळविताना वृद्धांच्या तोंडी राहिले. कराचीचे सिनेगॉग 1893 साली बांधणारे सॉलोमन डेव्हिड हे उमर्डेकर होते. ती वास्तू 1988 साली पाडली गेली, आणि एका कोकणी गावाचे नाव सिंधमध्ये नांदत होते याची आठवण आता कागदांतच उरली आहे. डॉ. अब्राहम एरुळकर हे गांधीजींच्या उपोषणकाळी त्यांची शुश्रूषा करणारे वैद्य. त्यांची कन्या लीला ही सायप्रसच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी झाली. तेव्हा आडनाव दिसेनासे होणे आणि माणसे दिसेनाशी होणे या दोन गोष्टी एक मानता कामा नयेत.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सुमारे 20 हजार बेने इस्रायल होते. आज पाच हजारही नाहीत. बहुसंख्य इस्रायलला गेले, आणि तेथेही त्यांना आपले ज्यूपण सिद्ध करून द्यावे लागले. विवाहाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा तेथील धर्मपीठाचा आदेश 1962 चा. त्याविरुद्ध त्यांनी निकराचा लढा दिला, आणि 1964 साली इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्र शासनाने 2016 साली ज्यूंना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला तो त्यानंतर अर्ध्या शतकाने. दिमोना, अश्दोद, लोद, रामले या नगरांत ही मंडळी वसली, ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्यांनी तेथे चालविले, आणि आडनावांपैकी काही तशीच राहिली, काहींनी हिब्रू वळण घेतले.

या प्रवासात लिपीने जे केले ते शोधकर्त्याने नीट समजून घेतले पाहिजे. मोडी व देवनागरीत पेणकर आणि अष्टमकर ही नावे निःसंदिग्ध होती. रोमन लिपीत ‘कर’चे कधी ‘कार’ तर कधी ‘केर’ झाले. हिब्रू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत, आणि ‘ण’ व ‘न’ यांत भेद करण्याची सोय नाही. त्यामुळे तिकडे जन्मलेल्या नातवाने आपले आडनाव परत देवनागरीत लिहावयाचे म्हटले तर आवास की अवस, वाक्रुळ की वकरूल, हे त्यास ठरविता येत नाही, आणि इकडे येऊन विचारले तरी चुकीचा उच्चार ऐकून गावकरी असे गाव येथे नाही म्हणून सांगतात. अशा वेळी 1883 चा कुलाबा जिल्ह्याचा गॅझेटिअर, महसुली दप्तरातील गावांची जुनी यादी, आणि पेण व अष्टमी येथील या समाजाच्या दफनभूमींतील शिळा हे तीन आधार एकमेकांशी पडताळून पाहावेत. शिळांवर पुष्कळदा हिब्रूबरोबर मराठी मजकूरही कोरलेला असतो, आणि गावाचे नाव त्या मराठी ओळीत शुद्ध स्वरूपात सापडते. त्या ओळी पावसाने झिजत आहेत. पेण-रोह्याच्या शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी त्या देवनागरीत जशाच्या तशा उतरवून, मौजे आणि तालुका यांसह, एका वहीत नोंदविल्या तर दिमोन्यातल्या एखाद्या पेणकरास आपले पेण सापडेल, आणि पेणलाही आपले गेलेले लोक कोठे कोठे आहेत ते कळेल.