रंग आणि रेशीम यांचा तहनामा

फ्लॉरेन्सच्या सरदार घराण्यातील एमिलिओ पुच्ची यांनी १९५० च्या सुमारास काप्री बेटावर आपले दुकान थाटले आणि पुढील दोन दशकांत भोवरे, वलये व वक्र पट्टे यांनी गजबजलेली त्यांची तयार रेशमी वस्त्रे पाश्चात्त्य धनिकवर्गात कमालीची लोकप्रिय झाली, तेव्हा त्यांच्या रेखाटनाची तारीफ यथास्थित झाली; परंतु ते झगझगीत रंग रेशमावर टिकतात कसे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कागदावरील चित्रात रंग पृष्ठभागावर बसतो. छापील रेशमात तो तंतूच्या अंतर्भागात शिरतो, आणि तेथे त्याला वहिवाट मिळणार की नाही, याचा निवाडा तंतूचे रसायन करते.

रेशीम हे प्रथिन असून आम्लाच्या सान्निध्यात त्याचे अमिनो गट धनभारित होतात. ‘ॲसिड’ वर्गाच्या रंगांच्या रेणूंवर ऋणभारित सल्फोनेट गट असतात, आणि या विरुद्ध भारांच्या आकर्षणाने दोहोंचा तहनामा होतो. कापूस हे सेल्युलोज असून त्यापाशी असे अमिनो गट नाहीत. सबब तेथे या रंगांचा अंमल चालत नाही. सुतासाठी आयसीआय या ब्रिटिश कंपनीने १९५६ साली ‘प्रोसिऑन’ हे रिॲक्टिव्ह रंग बाजारात आणले, जे अल्कधर्मी परिस्थितीत सेल्युलोजशी सहसंयुज बंध जोडतात. म्हणजे तीच नक्षी रेशमावरून सुतावर न्यावयाची, तर सगळी रंगसामग्री बदलणे प्राप्त होते.

स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र चौकट लागते. रंग डिंकासारख्या दाट खळीत कालविलेला असतो, कारण पातळ रंग तंतूंमधील केशाकर्षणाने पसरून नक्षीची रेषा बिघडवितो. मात्र खळीत अडकलेला रंग अद्याप उपराच असतो. कापडाला वाफारा दिला की वाफेचे पाणी होऊन रंग विरघळतो, तंतू फुगतो आणि रंग आत झिरपतो. नंतरच्या धुण्यात खळ व अतिरिक्त रंग निघून गेल्यावर खरी छटा प्रकट होते.

यास्तव जाणता नक्षीकार कागदावरील रंगाला अखेरची मंजुरी देत नाही. ज्या कापडाचा पोशाख व्हावयाचा, त्याच कापडावर छापून, वाफवून व धुवून आणलेला नमुना, म्हणजे ‘स्ट्राइक-ऑफ’, पाहूनच तो हुकूम देतो. हल्लीच्या इंकजेट यंत्रांनी चौकटींची गरज संपविली व रंगसंख्येची मर्यादाही उठविली. तथापि रेशमावर असे ॲसिड रंग छापताना कापडाला अगोदर खळ व आम्लदायी द्रव्य लावावेच लागते, आणि छपाईनंतरचा वाफारा काही चुकत नाही.